नगरसेवकाला फोन करावा की पत्र लिहावे?

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले आणि मोठ्या खंडानंतर प्रभागाप्रभागांत पुन्हा नगरसेवक आले. ते आल्याबरोबर गल्लीतल्या प्रश्नांनाही वाचा फुटली. या वेळी त्याच विषयावरचे काही प्रश्न एकत्र घेतले आहेत. एकाचे उत्तर पुढच्याशी जोडलेले असल्याने सगळे सलग वाचावेत, ही विनंती.

प्रश्न : आमच्या गल्लीतला ड्रेनेजचा चेंबर चार दिवस वाहत होता. ॲपवर तक्रार केली, तर ‘निराकरण झाले’ असा निरोप आला. पाणी मात्र वाहतच होते. शेवटी नगरसेवकांना फोन केला आणि दुपारपर्यंत गाडी आली. महापालिकेच्या माणसांना हुकूम देण्याचा अधिकार नगरसेवकाला असतो का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : नसतो. मुंबई महापालिका १८८८ च्या कायद्यावर चालते, राज्यातल्या इतर महापालिका १९४९ च्या. दोन्ही कायद्यांत प्रत्यक्ष कारभार चालवण्याचा अधिकार आयुक्तांकडे आहे आणि आयुक्तांना राज्य सरकार नेमते. चेंबर उपसणारा बिगारी, त्याचा मुकादम, आरोग्य निरीक्षक, कनिष्ठ अभियंता म्हणजे आपला ‘जेई’, त्याच्यावरचा उपअभियंता, क्षेत्रीय कार्यालयाचे सहायक आयुक्त, अशी ही साखळी आयुक्तांपर्यंत जाते. तिच्यात नगरसेवक कुठेच नाही.

मग त्याच्या फोनवर गाडी येते कशी? जेईच्या टेबलावर तक्रारी ढीगभर आणि हाताशी गाड्या मोजक्या असतात. कुठली गल्ली आधी आणि कुठली नंतर, हे कुणीतरी ठरवायचे असते. नगरसेवकाचा फोन आला की तो क्रम बदलतो. उद्या हाच नगरसेवक सभेत उठून खात्याला जाब विचारू शकतो आणि त्याच खात्याच्या तरतुदीवर मतही देणार असतो, हे अभियंत्याला ठाऊक असते. फोनला वजन येते ते सभागृहातल्या त्या खुर्चीमुळे.

तुमचा चेंबर मोकळा झाला, हे चांगलेच झाले. पण गाडी तुमच्याकडे वळली तेव्हा आणखी कुणाची तरी गल्ली मागे पडली. शिवाय चेंबर तुंबला का, हा प्रश्न जागेवरच आहे. पूर्वी बैठी घरे होती तेव्हाची अरुंद वाहिनी आणि तिच्यावर आता सात-सात मजल्यांच्या इमारती, असे आपल्या कित्येक पेठांचे आणि उपनगरांचे चित्र आहे. तिथे गाडी महिन्याला बोलवावी लागेल. मोठ्या व्यासाची वाहिनी टाकायची तर अंदाजपत्रकात तरतूद हवी. ती तरतूद फोनवर होत नाही, आणि नगरसेवकाचे खरे काम सुरू होते ते तिथूनच.

प्रश्न : हुकूम देता येत नसेल, तर नगरसेवकाच्या हातात असते तरी काय? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : शहराचा पैसा कुठे जाईल हे ठरवणे आणि गेलेल्या पैशाचा हिशेब मागणे.

दरवर्षी आयुक्त पुढल्या आर्थिक वर्षाचे अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे मांडतात. मुंबई सोडून इतर महापालिकांत या समितीवर १६ नगरसेवक असतात आणि त्यांतले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. समिती आपले फेरबदल करून ते अंदाजपत्रक सर्वसाधारण सभेकडे पाठवते; पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात. अंतिम मान्यता या सभेची. मालमत्ता कराचे दरही सभाच ठरवते आणि १९४९ च्या कायद्याप्रमाणे पुढच्या वर्षाचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागतात. ठरावीक रकमेच्या वरची कंत्राटे स्थायी समितीच्या मान्यतेखेरीज देता येत नाहीत. याशिवाय प्रत्येक नगरसेवकाला प्रशासनाला लेखी प्रश्न विचारता येतात, ठराव मांडता येतो, कार्यपत्रिकेवरच्या विषयाला उपसूचना देता येते आणि विरोध असेल तर तो इतिवृत्तात नोंदवून घेता येतो.

हे कागदी काम वाटेल. पण पुण्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. महात्मा फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून त्यांच्या स्वागतावर नगरपालिकेचा पैसा खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे सांगून फुल्यांनी विरोध केला. मतदानाच्या वेळी ते एकटे पडले. प्रस्ताव संमत झाला, पण करदात्यांच्या पैशातून आधी काय व्हायला हवे, हा प्रश्न त्या एका मताने कायमचा नोंदला गेला. लोकांच्या पैशाविषयी लोकांच्या बाजूने उभे राहणे, हाच या पदाचा गाभा आहे आणि तो आजही तसाच आहे.

प्रश्न : आमच्या बागेतल्या बाकांवर, बसथांब्यावर, अगदी दिशादर्शक फलकांवरही ‘यांच्या निधीतून’ असे लिहून नाव घातलेले असते. नगरसेवक हा खर्च स्वतः करतात का? (सोसायटीच्या सचिव)

उत्तर : तो तुमचाच पैसा असतो. नगरसेवकाला मिळणारे मानधन फार मोठे नसते. २०१७ मध्ये सरकारने ठरवलेले दर मुंबईसाठी महिना २५ हजार, पुणे-नागपूरसाठी २० हजार आणि त्याहून लहान महापालिकांसाठी १५ किंवा १० हजार रुपये असे होते. बाक, फलक, पेव्हिंग ब्लॉक हे सगळे महापालिकेच्या तिजोरीतून येते आणि त्या तिजोरीत तुम्ही मालमत्ता कर भरलेला असतो.

अंदाजपत्रकात प्रभागातल्या छोट्या कामांसाठी नगरसेवकांनी सुचवायच्या रकमा ठेवलेल्या असतात. पुण्यात या कामांच्या यादीला ‘स’ यादी म्हणतात. नगरसेवक काम सुचवतो. मग अभियंता पूर्वगणनपत्रक करतो, त्याला मंजुरी मिळते, निविदा निघते, कार्यादेश दिला जातो, काम होते, मोजमाप होते आणि बिल निघते. ही साखळी लांब असल्यामुळे वर्षाच्या सुरुवातीला सुचवलेले काम वेळेत होते आणि जानेवारीत सुचवलेले मार्चअखेरच्या घाईत उरकले जाते. मार्चमध्ये चांगले पदपथ उखडून नवे ब्लॉक बसवताना दिसतात, त्यामागे बहुतेक वेळा तरतूद वाया जाऊ नये एवढेच कारण असते.

यासाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, ‘वर्गीकरण’. एका कामासाठी ठेवलेली रक्कम दुसऱ्याकडे वळवण्याचा हा प्रस्ताव असतो. कधी तो अगदी रास्त असतो. कधी मात्र ड्रेनेजचे पैसे कमानीकडे जातात. आपल्या प्रभागातले वर्गीकरण कशातून कशाकडे झाले, हे दरवर्षी विचारा. दुसरी, दोषदायित्व कालावधी. नवा रस्ता किंवा पदपथ ठरावीक मुदतीत खराब झाला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. ही मुदत केव्हा संपते हे माहीत असले, तर त्याच रस्त्यासाठी पुन्हा तुमचे पैसे जात नाहीत.

नागरिकांनी थेट कामे सुचवावीत यासाठीही पुणे महापालिकेने २००६ पासून वाट खुली केली आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या भागातले छोटे काम पुढल्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येते. अर्ज साधा आहे, पण भरणारे थोडे. तुमच्या सोसायटीने यंदा तो जरूर भरावा.

प्रश्न : आमच्या प्रभागात चार नगरसेवक आहेत. एकाकडे गेलो तर म्हणतात, तो भाग दुसऱ्यांकडे आहे. नेमके कुणाकडे जायचे? (दुकानदार)

उत्तर : चौघांकडे. मुंबईत एका प्रभागाला एकच नगरसेवक असतो आणि असे २२७ आहेत. पुण्यासारख्या शहरांत बहुसदस्यीय पद्धत आहे. पुण्यातल्या ४१ प्रभागांतून १६५ नगरसेवक निवडून जातात. प्रभागातल्या जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरे असतात, पण ती आरक्षणासाठी आणि मतपत्रिकेसाठी. ‘अ’ने नदीकाठ पाहायचा आणि ‘ब’ने टेकडीकडचा भाग, अशी वाटणी कायद्यात कुठेही नाही. ती त्यांनी आपापसांत केलेली सोय असते. तुम्ही चारही जागांसाठी मत दिलेले असते, म्हणून चौघेही तुम्हाला उत्तर द्यायला बांधील आहेत.

यावर एक साधा उपाय आहे. एकच पत्र चौघांच्या नावे लिहा आणि प्रत सहायक आयुक्तांना द्या. क्षेत्रीय कार्यालयातून पोच घ्या आणि आवक क्रमांक जपून ठेवा. पत्रात एकच विषय असावा : जागा कुठली, त्रास कधीपासून, कितीजणांना आणि मागणी काय. शक्य असेल तर तक्रार क्रमांकही लिहा. ‘भागात सगळीच दुरवस्था आहे’ अशा पत्राचे पुढे काहीच होत नाही. ‘शाळेच्या फाटकासमोरचे तीन दिवे बंद’ असे लिहिले की ते योग्य टेबलावर जाते.

प्रश्न : आमच्या नगरसेविकांना फोन केला की त्यांचे पतीच बोलतात. बैठकीलाही तेच येतात. आम्ही काय करावे? (महिला बचत गटाच्या सदस्या)

उत्तर : महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. निवडून आल्या आहेत त्या ताई. सभेत बसण्याचा, प्रश्न विचारण्याचा, मत देण्याचा अधिकार फक्त त्यांचा आहे. तुमचे पत्र त्यांच्याच नावाने लिहा, भेट त्यांच्याचकडे मागा आणि उत्तरही त्यांच्याच सहीचे मागा. वस्तीतल्या पाच-दहा जणींनी मिळून भेटायला गेलात तर उत्तम. पाणी किती वाजता येते, सार्वजनिक स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, रात्री बसथांब्यावर उजेड असतो का, हे प्रश्न बायकांना अनुभवाने ठाऊक असतात. नगरसेविकेशी ते थेट बोलले गेले, तर त्यांचेही सभागृहातले बळ वाढते.

प्रश्न : रस्त्यातला खड्डा दाखवला तर सांगतात, ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही.’ हे खरे असते का? (रिक्षाचालक)

उत्तर : पुष्कळदा खरे असते. शहरातून जाणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग असू शकतो, सार्वजनिक बांधकाम विभागाचा असू शकतो, मुंबई परिसरात एमएमआरडीएचा किंवा म्हाडा वसाहतीतला असू शकतो. सोसायटीच्या आवारातला रस्ता सोसायटीचाच असतो. विजेच्या तारा आणि डीपी बहुतेक शहरांत महावितरणच्या. सिग्नलवर उभे असतात वाहतूक पोलीस. झाड तोडायचे किंवा छाटायचे असेल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. नगरसेवकाच्या तोंडी होकाराने झाड तोडणे गुन्हा ठरतो.

पण ‘आमच्याकडे येत नाही’ एवढ्यावर नगरसेवकाची सुटका होत नाही. रस्ता कुणाचा आहे हे शोधून त्या खात्याला पत्र पाठवणे आणि दोन खात्यांना एका जागी बोलावून पाहणी करायला लावणे, हे त्याने करायलाच हवे. एक खाते रस्ता करते, महिन्याभरात दुसरे तो खोदते, हा आपल्या शहरांचा जुना आजार आहे. दोन्ही खात्यांची माणसे एकत्र आणण्याची ताकद एकट्या रहिवाशाकडे नसते. लोकप्रतिनिधी ते करू शकतो.

काही गोष्टी मात्र त्याच्याकडे मागूच नयेत. वाढवलेली गॅलरी किंवा टाकलेली शेड पाडू नये म्हणून नगरसेवकाला मध्ये घालणारे अनेक असतात. अनधिकृत बांधकामाला मदत केली किंवा ते पाडायला आलेल्या अधिकाऱ्यांना अडथळा आणला, तर नगरसेवकाचे पदच जाऊ शकते, अशी तरतूद कायद्यात आहे. महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचे हितसंबंध असले तरीही तो अपात्र ठरतो. आपण भलते मागायचे आणि मग व्यवस्था बिघडली म्हणायचे, हे बरोबर नाही.

प्रश्न : प्रभाग समितीच्या बैठकीत नागरिकाला जागा असते का? (वास्तुविशारद)

उत्तर : असायला हवी, हाच कायद्याचा हेतू आहे. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. महाराष्ट्राच्या कायद्यानुसार या समितीत त्या भागातले नगरसेवक असतात, आणि तिथे काम करणाऱ्या मान्यताप्राप्त स्वयंसेवी व वस्तीपातळीवरच्या संस्थांच्या तीनपर्यंत सदस्यांना घेता येते. कचरा, नालेसफाई, दिवे, पाण्याच्या वेळा यांची चर्चा खरी इथेच व्हायची. तुमच्या भागात अशा संस्थांचे सदस्य नेमले आहेत का, हे विचारा. नसतील तर नगरसेवकांकडे लेखी मागणी करा.

गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा व्हावी, अशी तरतूदही महाराष्ट्राने २००९ मध्ये केली. नगरसेवकाने मतदारांना बोलवावे, कामांची यादी त्यांच्यापुढे ठेवावी, त्यांच्या मागण्या ऐकाव्यात, असा तिचा आशय आहे. बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. एखाद्या नगरसेवकाने ती स्वतःहून सुरू केली, तर त्याला कुणी अडवणार नाही. शाळेचे पटांगण आणि रविवारची सकाळ पुरेशी आहे.

प्रश्न : जवळजवळ चार वर्षे नगरसेवक नव्हते. तरी पाणी आले, कचरा उचलला गेला. मग नगरसेवकाची गरजच काय? (एक अभियंता)

उत्तर : हा प्रश्न मनापासून विचारला गेला आहे, म्हणून सविस्तर सांगतो. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली. नवी मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि कोल्हापूर येथे ती २०२० मध्येच संपली होती. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद न्यायालयात होते. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे राज्यघटना सांगते, तरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये आदेश देईपर्यंत निवडणुका रेंगाळल्या. या काळात प्रशासक होते. स्थायी समितीचे अधिकार त्यांच्याकडे आणि सभेचेही त्यांच्याकडेच.

याचा अर्थ पाहा. २०२५-२६ चे मुंबई महापालिकेचे अंदाजपत्रक ७४ हजार कोटींहून मोठे होते, पुण्याचे १२ हजार ६०० कोटींहून. ते आयुक्तांनी तयार केले आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केले. मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. कुणी उपसूचना दिली नाही, कुणी विरोधी मत नोंदवले नाही, कुठल्या वस्तीचे नाव घेऊन ‘इथे का नाही?’ असे कुणी विचारले नाही. अधिकारी कितीही सचोटीचा असो, त्याची बदली होते आणि तो दुसऱ्या शहरात जातो. प्रभागात राहणारा, मते मागायला पुन्हा त्याच दारात येणारा माणूस सभागृहात असणे, ही लोकशाहीची शहरातली सर्वांत जवळची पायरी आहे. पाणी त्या काळातही येत होते, हे खरे. पण ते कुठल्या वस्तीत कमी दाबाने येत होते आणि का, हे जाहीरपणे विचारायला कुणी नव्हते.

प्रश्न : मग चांगला नगरसेवक ओळखायचा कसा? (पहिल्यांदा मत दिलेला तरुण)

उत्तर : त्याच्या संपर्क कार्यालयाबाहेरच्या रांगेवरून नाही. सभांना तो किती वेळा हजर होता, किती प्रश्न विचारले, आपल्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात कोणती कामे मिळवली, त्यांतली किती पूर्ण झाली, कशाचे वर्गीकरण झाले, हे पाहा. पुण्यात ही कागदपत्रे नगरसचिव कार्यालयात असतात, मुंबईत महापालिका चिटणीसांकडे. सहज मिळाली नाहीत तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. वर्षातून एकदा चार मित्रांनी मिळून एवढे केले, तरी पुढच्या निवडणुकीत मत कुणाला द्यायचे हे कळायला ते पुरेसे आहे.

शीर्षकातल्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. चेंबर आत्ता वाहत असेल तर फोन जरूर करा, ते तुमच्या हक्काचे आहे. पण तोच चेंबर दर महिन्याला वाहत असेल तर पत्र लिहा. फोनने तुमच्या एका दाराशी गाडी येते. पत्र सभेपर्यंत गेले, त्यावर प्रश्न विचारला गेला आणि अंदाजपत्रकात एक ओळ वाढली, की सगळ्या गल्लीला नवी वाहिनी मिळते. ज्यांची नगरसेवकाशी ओळख नाही, ज्यांच्याकडे त्याचा नंबरही नाही, त्यांनासुद्धा.